लुगड्याचे फडके

रविवारी सकाळी मथुराबाई न्हाणीत पाट मांडून, पाय पसरून बसली, की त्या घरात तिच्याखेरीज कोणाचा आवाज चालत नसे. तिचा मुलगा संपत चहाचा कप हातात घेऊन मागच्या कोथिंबिरीच्या वाफ्यांकडे निघून जाई. सून विजयमाला ऊन पाण्याचे पातेले उचलून आणी आणि पुढच्या हुकमाची वाट पाहत उंबऱ्याशी उभी राही. चाळीस वर्षे मांजरी गावातली, आणि अलीकडे गावाभोवती उगवलेल्या इमारतींतली, तान्ही मुले मथुराबाईच्या नडग्यांवर निजून वाढली होती. बाळंतिणीला शेक द्यावा, बाळाला न्हाऊ घालावे, धुरी द्यावी, दुपट्यात आवळून गुंडाळून आईच्या कुशीत ठेवावे, हे तिचे काम. "माझ्या हाताखालनं गेलेल्या पोराला कदी औषीद लागलं न्हाई," हे ती दिवसातून एकदा तरी म्हणे, आणि ऐकणाऱ्याने त्यावर मान डोलवावी अशी तिची अपेक्षा असे.

वैशाखातला रविवार होता. आठ वाजताच न्हाणीचा पत्रा तापला होता. मथुराबाईने पिशवीतून निळे फडके काढले आणि आपल्या नडग्यांवर अंथरले. ते तिच्या सासूच्या, आनंदीबाईच्या, लुगड्याचे होते. हे काम सासूनेच तिला शिकवले. सासू गेली तेव्हा तिच्या इरकली लुगड्याचा हातभर तुकडा मथुराबाईने फाडून घेतला. सूत इतके मऊ झाले होते, की बोटांना लागत नसे. बाळाला हाडे टोचू नयेत म्हणून ती ते पायांवर पसरी, आणि शहरातल्या बायकांनी पुढे केलेले नवे टॉवेल बाजूला सारी. गरम पाण्याने सूत विरते, साबणाने राठ होते, म्हणून ते गार पाण्यातच पिळायचे आणि सावलीतच वाळवायचे, हा तिचा दंडक होता. पंधरा वर्षे ते फडके तिच्याबरोबर घरोघर हिंडत होते आणि रविवारी घरी येत होते.

चार वर्षांचा नातू भैरू पालथा पडून पाय झाडत होता. मथुराबाईने कणकेत हळद आणि साय घालून मळलेली लोई त्याच्या पाठीवरून फिरवली, काखेखाली नेली, आणि तिचा हात थांबला.

"हे काय गं?"

विजयमाला वाकली. भैरूच्या बरगडीवर तीन दाणे उठले होते. शिजलेल्या साबुदाण्यासारखे, गोल, चमकदार. प्रत्येकाच्या मध्ये सुईने टोचल्यासारखा बारीक खळगा होता.

"आत्या, डाक्टरला दाखवू का?"

"उन्हाळ्याचं घामोळं दाखवायला डाक्टर? त्यो हसंल तुला."

"घामोळं लाल असतंय की. हे पांढरं हाय."

"मला शिकीव आता." मथुराबाईने लोई जोराने रगडली. "अंगातली उष्णता हाय. मळ निघाला की बसतंय."

भैरू ओरडला. तिने त्याला उलथा केला, पाणी घातले, पुसला, आणि तीच लोई, तेच फडके घेऊन त्याच्या सहा वर्षांच्या बहिणीला, सरोजिनीला, हाक मारली. "सरू, ये गं. पाणी निवतंय."

पंधरा दिवसांत तिनाचे वीस झाले. काखेत, मांडीच्या सांध्यात, कोपराच्या आतल्या बाजूला. भैरू झोपेतही खाजवी, आणि जिथे नख ओढले जाई तिथे ओळीने नवे दाणे उठत. पुढच्या पंधरवड्यात सरूच्या पोटावर पाच दिसले. मथुराबाईने कडुलिंबाचा पाला उकळला, तुळशीची माती लावली, सब्जाचे पाणी पाजले. दाणे वाढत राहिले.

सोमवारी बालवाडीच्या बाईंनी भैरूला दाराबाहेरच्या पायरीवर बसवून ठेवले आणि विजयमालाला निरोप धाडला. विजयमाला जुड्या बांधायची सोडून, हात ओढणीला पुसत धावली. परत आली तेव्हा भैरूचे बोट तिच्या मुठीत होते आणि तिची मान खाली होती.

"काय म्हणाली ती?" मथुराबाईने विचारले.

"डाक्टरची चिठ्ठी आणा, मगच पाठवा."

"तिला जन्मल्या दिवशी मी आंघोळ घातलीया. आता मला चिठ्ठी मागती!"

 विजयमालाने कोथिंबिरीची पाटी उचलली. संपतच्या अर्ध्या एकरात कोथिंबीर, मेथी आणि पालक असे. पहाटे उपटायचे, सावलीत बसून मुळांची माती झटकायची, मूठ-मूठ घेऊन जुडी बांधायची, पाणी शिंपडायचे आणि साडेनऊला नव्या सोसायटीच्या फाटकासमोर गोणपाट अंथरून बसायचे. घरी ठेवायला कोणी नसल्यामुळे दोन्ही मुले त्या दिवशी फाटकाशी आली. मथुराबाईही इमारतीतली एक आंघोळ उरकून सुनेजवळ टेकली.

एक बाई मेथीच्या जुड्या निवडत होत्या. चष्मा कपाळावर, हातात कापडी पिशवी. उकाड्याने भैरूने शर्ट काढून टाकला होता, आणि तो ओल्या जुड्यांच्या ढिगात हात घालून बसला होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिले. पिशवीतल्या दोन्ही जुड्या त्यांनी बाहेर काढल्या आणि जिथून उचलल्या होत्या तिथे नेमक्या ठेवल्या.

"का हो, बाई? ताजी हाय," विजयमाला म्हणाली.

"ताजी आहे, दिसतंय. पण भाजीबरोबर अजून काय काय देता, ते आधी पाटीवर लिहा."

बाई गेल्या. जाताना फाटकाशी थांबून, येणाऱ्या दुसरीला काही सांगून गेल्या. त्या दिवशी निम्मी पाटी परत आली. वाटेत विजयमाला पाटी घेऊन चार पावले पुढेच चालत राहिली. मथुराबाईला ते चार पावलांचे अंतर खडीसारखे पायाखाली टोचत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी संपत वाफ्याला पाणी सोडायला गेला होता आणि विजयमाला नळावर होती. मथुराबाईने मनाशी ठरवले होते, की ही चामखिळीची जात असली पाहिजे, आणि चामखिळीवर काय करायचे ते आनंदीबाईने तिला दाखवून ठेवले होते. तिने करंड्याच्या झाकणात खायचा चुना घेतला, त्यात धुण्याचा सोडा कालवला, आणि भैरूला मांडीवर ओढले.

"डोळे मीट. मुंगी चावंल इतकंच."

बरगडीवरच्या सगळ्यांत मोठ्या दाण्यावर तिने काडीने ठिपका ठेवला. भैरू आधी हसला. मग त्याचे तोंड उघडे राहिले, आवाज फुटेना, आणि जेव्हा फुटला तेव्हा नळावरची घागर तशीच सोडून विजयमाला आत आली. चुना ओघळून शेजारच्या कातडीवर उतरला होता. मथुराबाई पदराने पुसत होती, आणि पुसण्याने तो पसरत होता. विजयमालाने मुलाला तिच्या मांडीवरून उचलले, मोरीत नेले, तांब्यामागून तांब्या पाणी ओतले. रुपयाएवढी कातडी सोलून लालभडक झाली होती.

"मी ह्याला हडपसरला नेती," विजयमाला म्हणाली. लग्नानंतरच्या आठ वर्षांत पहिल्यांदाच तिने विचारले नव्हते, सांगितले होते. "सरूलाबी. तुम्हाला यायचं तर या."

मथुराबाई उठली. पायांत चपला घालताना तिच्या लक्षात आले, की आपण काडी अजून हातात धरली आहे.

हडपसरच्या कातडीच्या दवाखान्यात दोन तास बसावे लागले. पंख्याखालच्या बाकावर जागा होती. तरीही मथुराबाई भिंतीला टेकून उभी राहिली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, केस आखूड कापलेले. त्यांनी भैरूला टेबलावर उभे केले, भिंगाची बत्ती लावली आणि एकेक दाणा पाहिला.

"हे घामोळं नाही, चामखीळ नाही आणि देवी-बिवी तर मुळीच नाही. मोलस्कम म्हणतात. विषाणूमुळे होतं. लहान मुलांत भराभर पसरतं."

"औषध?" विजयमालाने विचारले.

"वाट बघणं हेच बहुतेक वेळा औषध. आपोआप जातात. सहा महिने, कधी वर्ष, कधी त्याहून जास्त. जीवाला धोका काही नाही. पण खाजवायचं नाही, फोडायचं नाही, चोळायचं तर अजिबात नाही. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, कपडे वेगळे. एकत्र आंघोळ बंद. उघड्यावरचे झाकून शाळेत पाठवा, चिठ्ठी देते." त्या थांबल्या. बरगडीवरच्या जखमेवर त्यांनी बत्ती धरली. "आणि हे काय? हे भाजलंय. कशानं?"

  चाळीस वर्षांत मथुराबाईच्या हाताबद्दल कोणी तिला असा प्रश्न विचारला नव्हता.

"चुन्यानं," विजयमाला म्हणाली. "मी लावला."

"तुम्ही शिकलेल्या दिसता."

"बारावी."

"बारावी! बारावी होऊन चार वर्षांच्या मुलाला चुना लावता? भिंत आहे का ती? डोळ्यात गेला असता म्हणजे?"

विजयमाला खाली पाहून ऐकत राहिली. डॉक्टरीणबाईंनी मलम लिहिता लिहिता तिला आणखी बरेच सुनावले, आणि ते सारे मथुराबाईच्या वाट्याचे बोलणे तिच्या डोळ्यांदेखत सून सोसत होती. पुढे होऊन एक वाक्य बोलावे, इतकेच करायचे होते. मथुराबाईने ते केले नाही. तिने सरूच्या फ्रॉकचे बटण लावले. ते आधीच लावलेले होते.

"आंघोळ कोण घालतं मुलांना?" डॉक्टरीणबाईंनी शेवटी विचारले.

"मी," मथुराबाई म्हणाली. एवढे तरी तिच्या तोंडून निघाले.

"चोळून घालता?"

"कणकेची लोई फिरवती. आधी ह्याला, मग हिला."

"एकाच गोळ्यानं?"

"व्हय. आन पायावर फडकं असतंय. दोघांना एकच."

"झालं तर मग. गोळा बंद, फडकं बंद. त्याच्यावाटेच हिला लागलं असणार. कापड गरम पाण्यात साबण घालून धुवा, नाहीतर टाका. मोठ्यांना सहसा होत नाही, पण सतत अंगाला अंग लागलं तर होऊ शकतं. लागण झाल्यापासून दिसायला दोन आठवडे लागतात, कधी काही महिनेसुद्धा."

परतीच्या रिक्षात भैरू आईच्या खांद्यावर झोपला. मथुराबाई बोटांवर आठवडे मोजत होती. पहिल्यांदा दाणे दिसले तो रविवार, त्यानंतरचे रविवार, आणि मधले सगळे वार. मधल्या वारांना ते फडके कुठे कुठे पसरले होते, त्या घरांची नावे एकापाठोपाठ एक तिच्यासमोर येत होती. शेवटचे नाव अमिनाबीचे होते, आणि ते आले तसे तिने मोजणे थांबवले.

अमिनाबी तिची जुनी शेजारीण, आता नव्या सोसायटीत राहणारी. अमिनाबीच्या नवऱ्याचे शिवणाचे दुकान गावात होते तेव्हा दोघींच्या मधे एक कुडाची भिंत होती. अमिनाबीच्या मुलीला, सुरय्याला, मथुराबाईने याच नडग्यांवर वाढवले. ती सुरय्या आता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. लग्नाला सात वर्षे झाल्यावर झालेला मुलगा. जन्मला तेव्हा जेमतेम दोन किलो. दवाखान्यातून घरी आल्यावर अमिनाबीने मथुराबाईचे दोन्ही हात धरून म्हटले होते, "याला तुझ्याच हातात देते. दुसरी कोणी नको." आता दोन दिवसांनी त्याचा चाळिसावा दिवस होता. त्या दिवशीचे न्हाणे झाले की पाहुणे यायचे होते.

घरी आल्यावर मथुराबाई ओसरीवर बसली. पायांना तेल लावावे म्हणून तिने लुगडे गुडघ्यापर्यंत सरकवले. डाव्या नडगीवर, घोट्याच्या चार बोटे वर, दोन दाणे होते. डास चावला असेल म्हणून आठ दिवस तिने तिकडे कानाडोळा केला होता. तिने त्यांवरून अंगठा फिरवला. गोल, टणक, मधे खळगा. बाळाचे गाल जिथे टेकतात, नेमकी ती जागा.

संपत विजयमालाकडून दवाखान्यातले सगळे ऐकून, पाय धुऊन आला. तिने लुगडे खाली केले नाही.

"आई, हे..."

"व्हय. तेच."

संपतने दाराकडे पाहिले आणि आवाज उतरवला. "कुणाला दाखवू नकोस. आठवडाभर अंग दुखतंय म्हणून कामावर जाऊ नको. जीवाला धोका न्हाई म्हणतात ना डाक्टर? मग सांगायचं कशापायी?"

"आन त्या पोरांना उठलं तर?"

"उठलं तर उठलं. दहा कारणं असत्यात. तुझंच हाय हे कोण म्हणणार? पर तू आपल्या तोंडानं सांगितलंस, तर सोसायटीत परत कोणी उभं करणार न्हाई तुला. आन आपल्या भाजीलाबी. कालचं बघितलंस न्हवं?"

विजयमाला चुलीपुढे भाकरी थापत होती. तिचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. "डाक्टरपुढं मी तुमचं नाव न्हाई घेतलं, आत्या," परातीतून मान न उचलता ती म्हणाली. "ते घरातलं होतं. भैरू माझाबी हाय. पर अमिनाबीच्या नातवाचं मी माझ्यावर कसं घेऊ? ते तुमचं तुम्ही बघा."

तेवढे बोलून तिने भाकरी तव्यावर टाकली. मथुराबाईने पिशवीतून निळे फडके काढले. एकदा उलगडले, चौघडी घातली, आणि चुलीवर आधणाचे पातेले ठेवून त्यात बुडवले. निळा रंग पाण्यात उतरू लागला. दहा मिनिटांनी उलथन्याने वर घेतले तेव्हा मधोमध सूत विरून भोक पडले होते, आणि त्यातून पातेल्याचा तळ दिसत होता.

चाळिसाव्या दिवशी ती नेहमीप्रमाणे नऊला सोसायटीच्या फाटकाशी आली. पिशवी घरीच ठेवली होती. पहारेकरी मच्छिंद्र खुर्चीतून न उठता म्हणाला, "मावशी, आज हात हलवत?"

"व्हय. आज हाताला सुट्टी हाय."

तिची त्या इमारतीत चार घरे होती. अमिनाबीचे पाचव्या मजल्यावर. ती आधी दुसऱ्या मजल्यावर गेली. तिथल्या बाईंनी सगळे ऐकून घेतले, बाळाला छातीशी धरले, आणि "बरं झालं सांगितलंत, आता नका येऊ" म्हणून दार लावून घेतले. तिसऱ्यावरची ऐकता ऐकता फोन कानाला लावून डॉक्टरशी बोलू लागली आणि मथुराबाई समोर उभी आहे हे विसरली. चौथ्यावर तिने घंटीवरचे बोट काढताच, आतून आलेल्या आजीने ओल्या फडक्याने घंटी पुसली, आणि ती पुसत असतानाच विचारले, "बोला, काय काम होतं?"

एवढे झाल्यावर तिने लिफ्ट घेतली नाही. पाचव्या मजल्याचा जिना ती कठड्याला हात न लावता चढली.

अमिनाबीच्या घरात शेवयांना तूप सोडल्याचा वास होता. दिवाणावर ताटात नवे लुगडे ठेवले होते, हिरवे, नऊवारी. ते कोणासाठी हे विचारण्याची गरज नव्हती. न्हाणीत पाट मांडलेला, पाणी तापलेले. सुरय्या बाळाला घेऊन पुढे आली आणि सवयीने तिच्या हातांत द्यायला लागली.

मथुराबाईने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"देऊ नको, सुरय्या. अमिना, तू इकडं ये. उजेडात ये."

तिने उभ्या उभ्या सांगितले. भैरूचे, सरूचे, फडक्याचे. आपली नडगी दाखवली. काही वगळले नाही. चुना कोणी लावला तेही सांगितले, जरी त्याचा या घराशी संबंध नव्हता. बोलणे संपले तेव्हा स्वयंपाकघरात शेवया लागल्याचा वास येऊ लागला होता, आणि कोणी तिकडे गेले नाही.

अमिनाबीने सुरय्याच्या हातून बाळ घेतले, गॅलरीच्या उन्हात नेले, आणि दुपटे, झबले, लंगोट सगळे उतरवले. ती मान, काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या एकेक करून पाहू लागली. बाळ किंचाळत होते. सुरय्याच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. मथुराबाई खोलीच्या मध्यावर उभी होती. पुढे झालेले एक पाऊल तिने मागे घेतले.

"हे बघ!" अमिनाबी ओरडली. "हे काय आहे? नाकावर, हे गालावर. पांढरे. मथुरा, हे काय केलंस तू!"

 मथुराबाई जागची हलली नाही. "सुरय्या, तू बघ. तुझे डोळे तरणे हायेत. मधे खळगा हाय का? सुई टोचल्यागत?"

सुरय्याने बाळाचा चेहरा उन्हाकडे वळवला.  खाली रस्त्यावर कोणाची तरी मोटारसायकल चालू होत नव्हती. दहा वेळा किक मारली गेली.

"नाही, मावशी. खळगा नाही. रव्याच्या कणीएवढे आहेत, सपाट."

"हाताला खरखरीत?"

"नाही."

"मग ते दुधाचे दाणे. तुलाबी होते. महिन्या-दोन महिन्यांत जात्यात." ती थांबली. खोटा दिलासा द्यायला जीभ वळली असती तर बरे झाले असते. "पर दुसरे उठू शकतात. आज न्हाई, महिन्यानं, दोन महिन्यांनी. रोज उजेडात बघायचं. उठलेच तर डाक्टरकडं न्यायचं, घरचं काही लावायचं न्हाई. ह्या माझ्या तोंडचं ऐक."

अमिनाबीने बाळाला दुपट्यात घेतले. "तुझ्याच हातात दिला होता मी," ती म्हणाली. इतकेच. दिवाणावरच्या ताटाकडे तिने एकदा पाहिले, आणि ताट उचलून आत नेले.

मथुराबाई दाराकडे वळली. मागून सुरय्या म्हणाली, "अम्मी, पाणी निवतंय. दुपारी सगळे येणार. याला आंघोळ कोण घालणार? तुझे गुडघे वाकत नाहीत. मला येत नाही. माझ्या हातातून हा सटकेल."

आत ताट फळीवर ठेवल्याचा आवाज झाला.

मथुराबाई दारात थांबली. मग परत फिरली, आणि न्हाणीच्या उंबऱ्याबाहेर, भिंतीपासून हातभर अंतरावर, फरशीवर बसली.

"पाटावर बस," ती म्हणाली. "साडी मांड्यांपर्यंत घे. लाजतीस काय, माझ्यापुढं नागडी वाढलीयास. पाय लांब कर. जवळ आण, मधे फट नको. नवा टॉवेल पसर. आता त्याला पालथा घे. डावा हात छातीखाली, अंगठा काखेत. घट्ट धर. मोडत न्हाई त्यो."

"मावशी, हा फार हलतोय."

"तू थरथरतीस म्हणून हलतोय. श्वास घे. पाणी कोपरावर बघितलंस? बघ आधी. मग पाठीवर, डोक्यावर न्हाई. तांब्या खालनं धर. असा."

'असा' दाखवायला तिचा उजवा हात पदरातून बाहेर निघाला. तिने तो परत आत घेतला. सुरय्याने पाणी ओतले. बाळ दचकले, पहिल्यापेक्षा मोठ्याने रडले, दुसरा तांब्या पडला तसे हुंदके देऊ लागले, आणि तिसऱ्याला गप्प झाले. त्याचा गाल आईच्या नडगीवर टेकला.

अमिनाबी न्हाणीच्या दाराशी येऊन उभी राहिली होती. हातात कोरडे दुपटे. तिने मथुराबाईला ऊठ म्हटले नाही, आणि बस असेही म्हटले नाही. "मानेखाली धू गं," ती मुलीला म्हणाली, आणि लगेच मथुराबाईकडे पाहिले.

"मानेखाली शेवटाला," मथुराबाई म्हणाली. "आधी काखा. चोळू नको. नुसतं पाणी फिरीव."

डाव्या नडगीला खाज सुटली होती. नेमकी घोट्याच्या वर चार बोटे, मुंग्या लागाव्यात तशी. महिनाभर ती भैरूच्या हातावर चापट्या मारून म्हणत आली होती, खाजवू नको, इतकं कळत न्हाई का तुला. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, ताठ बसली, आणि म्हणाली, "हं. आता उताणा घे."